आधी माझी पिशवी बघा

त्या संध्याकाळी गेटवर कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हंजे मागून कोणी म्हणायला नको की अनुसया म्हातारी मनाचं सांगते. गेटवरची मार्थाबाई होती. लाईनीत सगळ्यात पुढं मी, जिते गावची अनुसया. माझ्या मागं जोहे गावची हिरा. तिच्या मागं वंदना, पोटुशी, दिवस भरत आलेले. मंग पॅकिंगच्या बाकीच्या बाया, सगळ्यांना घरी जायची घाई. बाजूला मॅनेजर सायेब उभा होता, मोटरसायकलची चावी बोटात फिरवत. आणि मोत्या होता, गेटवरचा कुत्रा. कुत्र्याला कशाला मोजते म्हणाल, तर मार्थाबाई त्यालापण अहोजाहो करायची. "बाजूला होता का जरा?" असं म्हणायची, आणि तो व्हायचा. आम्ही हाड हाड करून घसा बसवला तरी व्हायचा नाय.

कारखाना पेणला, पापडाचा. माझा नवरा मिठागरावर होता. खाडीचा बांध फुटला, मिठागर गेलं, आणि त्याच्या मागोमाग तोपण गेला. दोन पोरी पदरात होत्या. रडायला बसायला पायजे होतं, पण कोणी बसू देईना. मंग जित्याहून गाडीनं पेणला यायला लागले. सकाळी पीठ मळायचं, लाटायचं, वाळवायचं, दुपारनंतर पाकिटं भरायची. उभ्यानं काम. माझे गुडघे तिथंच गेले.

पापडाच्या कारखान्यात चोरायला काय असतं म्हणाल, तर हिंग असतो. चांगला हिंग लय महाग. म्हणून सुटी झाली की गेटवर झडती. आधी जी बाई होती ती काठीनं पिशव्या उचकायची. डबा उघडून उरलेली भाकरी उलटीपालटी करायची. एकदा तिनं सगळ्यांसमोर माझ्या पोलक्यात हात घातला. मालाच्या गाडीचा ड्रायव्हर बघत होता. घरी जाऊन अंगावर पाणी घेतलं, पोरींना जेवायला वाढलं, आणि दुसऱ्या दिवशी कामाला आले. न येऊन सांगणार कोणाला?

मंग ती बाई गेली आणि ठेकेदारानं मार्थाबाईला पाठवलं. नगरकडची. ख्रिस्ती. नवरा गॅरेजात कामाला, त्याला दमा, एक महिना काम तर दोन महिने खाट. घर हिच्यावर. साडीवर ठेकेदाराचा खाकी शर्ट घालायची, पुरुषाच्या मापाचा, बाह्या दुमडलेल्या, पण इस्त्री अशी की घडीनं कांदा कापावा. केसाला चापूनचोपून तेल. आणि बोलणं शाळेतल्या बाईसारखं.

पहिल्या दिवशी सुटी झाली, आम्ही रोजच्यासारख्या माना खाली घालून लाईनीत उभ्या. ही पुढं आली. म्हणते, "नमस्कार. माझं नाव मार्था. माफ करा, मला तुमच्या पिशव्या बघाव्या लागतील. पण आधी माझी बघा."

आणि स्वतःची पिशवी उघडून, दोन्ही हातांनी धरून, आमच्यासमोर उभी राहिली.

कोणी हलेना. आम्हाला वाटलं काय तरी डाव हाय. सायेब कुठून तरी बघत असंल. हिरा मात्र पुढं झाली. हिरा म्हंजे जोह्याची, आमच्यातलं सगळ्यात मोठं तोंड. तिचा नवरा गणपतीच्या कारखान्यात साच्यातून मूर्त्या काढायचा, आणि ती म्हणायची, माझा नवरा देव बनवतो तर मी कोणाला भिऊ.

"काय हाय गो तुझ्या पिशवीत?"

"तेच बघा ना."

हिरानं बघितलं. अशी तशी नाय, तळापर्यंत. एकेक वस्तू वर काढून सगळ्यांना दाखवली. कंगवा. चष्म्याचं घर. बामची बाटली. घडीचा टॉवेल. डबा. डबा उघडला, वास घेतला.

"अगो बाया, हिनं भेंडी जाळली!"

"हो, आज जरा खाली लागली. माफ करा."

हिरा आमच्याकडं वळली. "भेंडी हिची, जळली हिची, खाल्ली हिनं, आणि माफी आमची मागते!"

लाईन हसली. त्या गेटवर लाईन पहिल्यांदा हसली. मंग मार्थाबाईनं आमच्या पिशव्या बघितल्या. प्रत्येकीला "माफ करा" म्हणून हात घालायची, "आभारी आहे" म्हणून हात काढायची. त्या दिवसापासनं तिचं नाव पडलं माफकराबाई.

तिला ते नाव कळलं तेव्हा ती म्हणाली, "चालेल. यापेक्षा वाईट नावं मी ऐकली आहेत."

मंग रोजचं ठरून गेलं. जी पुढं असंल तिनं आधी बाईची झडती घ्यायची. आमचा तेवढाच खेळ. दिवसभर पिठात तोंड पांढरं करून आलेल्या बाया, पण बाईच्या डब्यात आज काय उरलंय ते बघायला माना लांब करायच्या. कोणी तिच्या पिशवीत आवळा टाकायचं, कोणी चिंचेचं बुटूक, एकदा वंदनानं अबोलीचा गजरा टाकला. बाई दुसऱ्या दिवशी विचारायची, "गजऱ्याबद्दल कोणाचे आभार मानायचे?" कोणी सांगायचं नाय. मंग ती सगळ्या लाईनीचे मानायची. एकेकीचे. गाडी चुकायची वेळ यायची.

हिरा तिची नक्कल करायची. जेवायच्या सुटीत पापडाच्या पाटाला म्हणायची, "माफ करा, तुमच्यावर लाटणं फिरवते हां." आम्ही पोट धरून हसायचो. पण झालं काय, नक्कल करता करता जिभेला वळण पडलं. एकदा घरी नवऱ्यानं पाण्याचा हंडा उचलून दिला तर हिच्या तोंडातनं निघून गेलं, "आभारी आहे." नवरा हंडा तसाच धरून उभा. म्हणाला, "काय हरवलंस? काय फोडलंस? खरं सांग." हिरानं दुसऱ्या दिवशी येऊन बाईला शिव्या घातल्या. "तुझ्यापायी माझ्या नवऱ्यानं काल रातच्याला जेवताना दोनदा माझ्या तोंडाकडं बघितलं. दहा वर्षात बघितलं नव्हतं."

बाई म्हणाली, "मग वाईट काय झालं?"

हिरा पदर तोंडाला लावून आत पळाली. असं क्वचित व्हायचं.

गेटवर एक खुर्ची होती, प्लास्टिकची, एका पायाला तार बांधलेली. ती ठेकेदारानं बाईसाठी दिलेली. पण लाईन उभी असताना ही कधी त्यावर बसायची नाय. "तुम्ही उभ्या आणि मी बसलेली, बरं दिसत नाही." मंग त्यावर मला बसवायची, म्हातारी म्हणून. नंतर वंदनाला दिवस गेले तेव्हा वंदनाला. मी म्हणायचे, "बाय, खुर्ची तुझी हाय." ती म्हणायची, "म्हणूनच मला देता येते."

आता गावातल्या एका शहाण्यानं आमच्या डोक्यात घातलं. म्हणाला, ही गोड बोलते ती उगाच नाय. ही तुम्हाला बाटवायला आलीय. बाया जरा चपापल्या. दोन दिवस कोणी तिच्या पिशवीत चिंच टाकली नाय. हिराला पोटात ठेवणं जमत नाय. तिनं भर लाईनीत विचारलं, "काय गो, तू आमाला बाटवायला आलीस काय?"

मार्थाबाई वंदनाची पिशवी बघत होती. ती थांबली. असं हसली की खाकी शर्टाचं बटण तुटायचं.

"हिराबाई, मला माझ्या नवऱ्याला रविवारी प्रार्थनेला उठवता येत नाही. लग्न झाल्यापासून प्रयत्न करते आहे. मी तुम्हाला काय बाटवणार?"

तिथंच तो विषय मिटला. पुढच्या दिवशी तिच्या पिशवीत आवळे निघाले.

पण ती देवाचं करायची. सकाळी गेट उघडायच्या आधी डोळे मिटून उभी राहायची, ओठ हलायचे. हिरा म्हणायची, "बाईची झोप चाललीय, हळू या." एकदा तिनं विचारलं, "तुमच्या देवानं सांगितलंय काय, समोरच्या चोरालापण 'तुम्ही' म्हणा?"

बाई म्हणाली, "आमच्या प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. मी तर नुसत्या पिशव्या बघते. त्यापेक्षा हलकं काम आहे."

"मंग आमचेपण धू की पाय. दिवसभर उभं राहून सुजलेत बघ."

हिरा मस्करीत बोलली. पण त्या बाईला मस्करी कळायची नाय, का कळून न कळल्यासारखं करायची, ते देवाला ठाऊक. दुसऱ्या दिवशी सुटीला बघतो तर गेटजवळ घमेलं. कोमट पाणी, त्यात मूठभर मीठ. आणि खुर्ची.

"बसा हिराबाई."

हिरा किंचाळत पळाली. सरळ रस्त्यापर्यंत. "नको गो माझे बाय, माफ कर, मी परत काय बोलायची नाय!" मोत्या तिच्या मागं भुंकत. सगळ्या बाया हसून भिंतीला टेकल्या.

घमेलं तसंच राहिलं. पाणी निवत होतं. मी जाऊन बसले. पाय दुखत होते. कुठल्या धर्माचं पाणी ते पायाला काय कळतंय? माझा जन्म मिठात गेला. लहानपणी बापाबरोबर, मंग नवऱ्याबरोबर, उन्हात मीठ ओढलं, पायाच्या भेगांत मीठ शिरायचं तर जीव जायचा. पण कोमट पाण्यात मीठ घालून पाय सोडून बसायचं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. हात लावू देत नव्हते मी. नुसतं पाणी चालंल म्हटलं. तिनं ऐकलं. फक्त पाय बाहेर काढले तेव्हा पिशवीतला टॉवेल काढला, खाली बसली आणि पुसले. म्हणाली, "माफ करा, तेवढं तरी करू द्या." मी वर बघत राहिले. गाडीचा टाइम होत होता.

ह्या सगळ्यानं तुम्हाला वाटंल बाई मऊ होती. तसं नव्हतं. झडती ती पुरी घ्यायची. आधीच्या बाईच्या काठीला जे सापडलं नाय ते हिच्या हाताला सापडलं. एकदा एका बाईच्या डब्याच्या खालच्या पुडात हिंगाची डबी निघाली. कोण बाई ते मी सांगत नाय, ती आता नातवंडांत हाय. मार्थाबाईच्या हाताला डबी लागली, तसा तिनं डबा बंद केला. वर टॉवेल टाकला. म्हणाली, "माफ करा, तुम्ही जरा माझ्याबरोबर आत येता का?" आणि तिचा हात धरून तिला आत घेऊन गेली. हिरा म्हणाली, "नवरी पोचवायला चाललीय जशी." आत जाऊन त्या बाईनं स्वतःच्या हातानं डबी जागेवर ठेवली. दोघी परत आल्या. लाईन पुढं सुरू.

आम्हाला वाटलं, मिटलं. पण ही बया दुसऱ्या दिवशी सकाळी आपणहून मॅनेजरकडं गेली. "काल एक डबी बाहेर जात होती. परत ठेवली आहे."

"कोणाकडं सापडली?"

"मला माहीत आहे. पण मी सांगणार नाही. माफ करा."

आता बघा. खोटं बोलायचं तर म्हणावं, माहीत नाय, जमिनीवर सापडली. खरं बोलायचं तर नाव सांगावं. हिनं दोन्ही केलं नाय. सायेबाला चोर सापडला नाय, आणि चोर हाय हे मात्र कळलं. सायेब लय भडकला. त्याचा आवाज वाळवणाच्या गच्चीवर आला. "हे पिशवी दाखवायचं नाटक तुमचं, त्यानं बाया डोक्यावर बसल्यात. परत ह्या गेटवर काय निघालं आणि नाव मिळालं नाय, तर तुमची नोकरी संपली. समजलं?"

"समजलं. आभारी आहे."

हिरा म्हणाली, "शिव्यांचेपण आभार! ही बाई एक दिवस आपल्या गोडपणानंच मरंल."

नाताळ आला. त्याच्या आदल्या वर्षी बाईनं आम्हाला फराळ आणला होता. आम्ही केकची वाट बघत बसलेलो. डबा उघडला तर चकली, करंजी, शंकरपाळी. हिरा म्हणाली, "अगो, ही तर आमची दिवाळी! तुमचा सण म्हणतेस आणि फराळ आमचा?" बाई म्हणाली, "माझ्या आजीने तिच्या आजीकडून घेतला, तिच्या आजीने तुमच्याकडूनच घेतला असेल. परत करायला आणलाय." चकली मात्र कडक होती. हिरानं सांगितलंपण. बाईनं माफी मागितली.

तर हिराच्या मनात होतं, हिचं आपण खाल्लं, आता हिला काय तरी द्यायचं. पण द्यायचं काय? बाई काय घ्यायची नाय. आम्हाला शनिवारी तुटका माल वाटायचे. तुटलेले पापड, मिरगुंडांचा चुरा. मिरगुंडं म्हंजे पोह्याच्या पिठाची, तळली की फुलतात. मार्थाबाईचा जीव त्या मिरगुंडांवर. एकदा मी तिच्या हातावर चुरा ठेवला होता. तिनं वास घेतला, डोळे मिटले, आणि परत दिला. "हा कामगारांचा वाटा आहे. मी ठेकेदाराची. आभारी आहे."

हिरानं डोकं चालवलं. महिनाभर तिनं तिच्या वाट्याची मिरगुंडं घरी नेलीच नाय. आमच्याकडूनपण मूठमूठ घेतली. सगळं तिच्याच डब्यात जमवलं. तिथवर बरोबर होतं. पण सणाची भेट, ती काय पेपरात गुंडाळून द्यायची? हिराच्या मनाला ते पटेना. मंग तिनं कारखान्याचं नवं पाकीट घेतलं, त्यात चुरा भरला, मशीनवर तोंड बंद केलं, आणि वर कारखान्याचा स्टिकर लावला. हातानं रोज तेच काम, दुसरं सुचणार काय? आम्हाला दाखवलं तर आम्हीपण म्हटलं, "लय झ्याक दिसतंय." एकीच्यापण डोक्यात आलं नाय. जेवायच्या सुटीत हिरानं ते गेटवर टांगलेल्या बाईच्या पिशवीत तळाला सारलं. ठरलं असं की संध्याकाळी मी पुढं उभी राहायचं, झडती घ्यायची, आणि पाकीट वर काढून मोठ्यानं म्हणायचं, "बाई, चोरी पकडली!" मंग सगळ्यांनी हसायचं.

संध्याकाळी लाईन लागली आणि मॅनेजर गेटवर येऊन उभा राहिला. रोज यायचा नाय. त्याच दिवशी आला.

मार्थाबाईनं पिशवी उघडून माझ्यासमोर धरली. "आधी माझी बघा."

मी हात घातला. पाकीट हाताला लागलं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की हे पाकीट बघणाराला काय दिसंल. नवं पाकीट, सीलबंद, स्टिकरचं. मी हात रिकामा बाहेर काढला. "काय नाय बाई. ठीक हाय."

"अनुसयाबाई, नीट बघा. तळापर्यंत."

"बघितलं."

"नाही बघितलंत. माझी नीट बघितली नाही तर मी तुमची कोणत्या तोंडाने बघू?"

काय म्हणायचं आता ह्या बाईला? मी तिला डोळ्यांनी खुणावत होते आणि ती मला नियम सांगत होती. सायेबानं चावी फिरवायची थांबवली. पुढं आला, पिशवीत हात घातला, आणि पाकीट वर काढलं.

मोत्या उठून पाकिटाचा वास घ्यायला लागला.

"हे काय हाय?"

बाईनं पाकिटाकडं बघितलं. तिला खरंच ठाऊक नव्हतं. मंग माझ्या तोंडाकडं बघितलं. मंग माझ्या मागं हिराकडं. हिराचं तोंड पिठासारखं झालेलं. बाई दुपारी हिराला गेटजवळ घुटमळताना बघून हसली होती, ते तिला आठवलं असणार.

"माझ्या पिशवीत निघालं," ती म्हणाली. "मी ठेवलेलं नाही."

"मंग कोणी ठेवलं?"

मी हिराचं नाव घेतलं तर हिराचं काम जाणार. नवऱ्याचं काम गणपतीपुरतं, पुढं सहा महिने घर हिरावर. नाय घेतलं तर ही बाई जाणार, आणि हिचा नवरा खाटेवर.

बाई म्हणाली, "मला माहीत आहे. पण मी सांगणार नाही. माफ करा."

"मंग उद्यापासनं येऊ नका."

"बरं," ती म्हणाली. "आभारी आहे."

सवय हो, दुसरं काय! मंग म्हणाली, "पण आजची लाईन पुरी करू द्या. या बायकांची गाडी जाईल." आणि वळली, माझी पिशवी बघितली, रोजच्यासारखी, तळापर्यंत. "आभारी आहे, अनुसयाबाई." मी बाजूला झाले. पुढं हिरा.

"माफ करा, हिराबाई. पिशवी."

हिरानं पिशवी दिली नाय. पोटाशी धरून उभी राहिली. मंग एकदम भांडल्यासारखी बोलली.

"सायेब, ते मी टाकलं. नाताळची भेट हाय. फोडून बघा. तुटका माल हाय, आमच्या वाट्याचा. चांगलं एक निघालं तर मला उभी जाळा."

सायेबानं पाकीट ओढून फाडलं. आतला चुरा अर्धा त्याच्या हातावर, अर्धा खाली सांडला. सगळे तुकडे. पांढरे, लाल, जिऱ्याचे, तिखटाचे, सगळ्यांच्या वाट्याचे एकात एक. असा माल कारखाना कधी भरत नाय, हे सायेबाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. तो हाताकडं बघत राहिला. खाली मोत्यानं खायला सुरुवात केली.

"आणि पाकीट?" सायेब म्हणाला. "स्टिकर?"

हिरा म्हणाली, "भेट पेपरात कशी देऊ?"

सायेबाला हसू आलं असावं, त्यानं तोंड फिरवलं. पण त्यानं मागं घेतलं नाय. मागं घेणं त्याला जमण्यातलं नव्हतं. हिराचं काम राहिलं, कारण तिच्यासारखी लाटणारी पेणमध्ये दुसरी नव्हती आणि पुढं लग्नसराई होती. गेटवरची बाई काय, ठेकेदाराला फोन केला की दुसरी येते. ठेकेदारानं मार्थाबाईला रोह्याला टाकलं, तिकडच्या कुठल्या केमिकल कंपनीच्या गेटवर. पेणहून रोजचं जाणंयेणं. पगार तोच.

त्या संध्याकाळी तिनं लाईन पुरी केली. वंदनाला खुर्चीवरनं हात देऊन उठवलं. हिरा शेवटपर्यंत थांबली. जोह्याची एसटी निघून गेली तरी थांबली. म्हणाली, "मला शिवी दे एक. माझ्यामुळं झालं."

मार्थाबाईनं टॉवेल काढला, खाली उरलेला चुरा उचलला, टॉवेलात बांधला. "हिराबाई, ही माझी भेट आहे. आता मी या गेटची नाही, तेव्हा मला घेता येईल. आभारी आहे."

"अगो, कुत्र्यानं तोंड लावलंय त्याला."

"त्यांचा वाटा त्यांनी घेतला. हा माझा."

दुसऱ्या दिवशी नवी बाई आली. दांडगी. तिनं हात पुढं केला, "चला, पिशव्या!" तर हिरा तिच्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभी. "आधी तुझी दाखव." नव्या बाईला कळेना. आम्ही पाठीमागं सगळ्या तशाच उभ्या. शेवटी तिनं दाखवली. डब्यात भेंडी होती. हिरा डोळे पुसायला लागली.

मी आता कारखान्यात जात नाय. गुडघे संपले. धाकटी पोरगी कोलाडला दिलीय, तिच्याकडं जाते अधूनमधून. जित्याहून रोह्याची गाडी, रोह्याहून रिक्षा. मागच्या वेळी रिक्षा कंपन्यांच्या रस्त्यावर अडकली. शिफ्ट सुटलेली. एका गेटवर लांब लाईन, बाया आणि बापे दोन्ही. बाप्यांना वेगळा गडी तपासत होता. बायांच्या लाईनीच्या तोंडाशी खाकी शर्ट दिसला. केस पांढरे झालेले, तेल तसंच चापून. एक तरणी पोरगी तिच्या पिशवीत मान घालून ओरडत होती, "मावशी, आज पण भेंडी?" आणि लाईन हसत होती.

मी रिक्षावाल्याला म्हटलं, थांब रे बाबा. उतरले. लाईन संपेपर्यंत बाजूला उभी राहिले. तिनं मला बघितलं तेव्हा आधी ओळखलं नाय. मी माझी पिशवी उघडून दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरली.

"अनुसयाबाई!" ती म्हणाली, आणि माझी पिशवी खरंच बघितली. पोरीसाठी नेलेली सुकट निघाली. "आभारी आहे," म्हणाली, आणि मंग माझे हात धरले. नवरा गेला म्हणाली, दोन वर्षं झाली. रविवारी प्रार्थनेला शेवटपर्यंत आला नाय, पण शेवटच्या रविवारी तिनं घरीच प्रार्थना केली तर आमेन म्हणाला. "एवढं पुष्कळ झालं," म्हणाली. हिराचं विचारलं. हिरा नातवंडांना आभारी हाय म्हणायला शिकवते, ते ऐकून लय हसली.

ती एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत होती. घोटे सुजलेले, चपलेचा पट्टा रुतलेला. मला ती सूज ठाऊक हाय. मी आजूबाजूला बघितलं.

"खुर्ची कुठाय गो तुझी?"

"इथे देत नाहीत. मी विचारलं आहे."

"कधी विचारलंस?"

"दर महिन्याला विचारते. कृपा करून, म्हणते. साहेब चांगले आहेत. बघतो म्हणतात."

"आणि तू काय म्हणतेस?"

ती लाजली. "आभारी आहे म्हणते."

रिक्षावाला हॉर्न मारत होता. मी चढले. रिक्षा वळली तेव्हा मागं बघितलं. दुसऱ्या शिफ्टच्या बाया आत यायला लागल्या होत्या, आणि ती उभी होती, पिशवी उघडून, दोन्ही हातांनी पुढं धरून.

हे वाचणाऱ्यांना माझं एक सांगणं हाय. कंपनीत, दवाखान्यात, मोठ्या दुकानात, तुमच्यापण गेटवर अशी एक बाई उभी असंल. तुम्ही तिथं सायेब असाल, नायतर सायेबाच्या ओळखीचे असाल. तिला एक खुर्ची द्या. ती मागंल आणि मंग देऊ म्हणू नका. ती मागंल ते इतकं गोड मागंल, की तुम्हाला ऐकू यायचं नाय.